न बोलणाऱ्यांचा निरोप्या

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. चौथी नापास झालेल्या या फक्कीरप्पानं एका माणसाला युनिव्हर्सिटीचा डॉक्टर केलं. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे. पुस्तकं वाचून, मोठा प्रबंध लिहून होतात, तसला. आणि तोही माझ्या म्हशीच्या वेसणीवर.

साडेतीनची बस यायची होती. नेगिनकोप्पात साडेतीनची बस साडेचारला आली, तर ड्रायव्हरला लोक विचारतात, आज लवकर कसा? पोस्टासमोरच्या कडुनिंबाच्या कट्ट्यावर आम्ही बसलो होतो. मिरची विकून घरी निघालेले दोन परगावचे व्यापारी होते. मल्लेशी होता, हा ट्रॅक्टरनं नांगरतो आणि जिभेनंही. आणि पोस्टाची खिडकी बंद करून चुरमुऱ्याच्या गिरमिटाचा पुडा घेऊन आलेली शिवलीला होती. शिवलीला आमच्या गावची पोस्टमास्तरीण. एम.ए. झालेली. माझ्या गोष्टींना सगळं गाव हसतं, ही हसत नाही. म्हणून मी नेहमी तिच्याकडे पाठ करून बसतो.

‘अज्जा, परवाची मगर संपली,’ मल्लेशी म्हणाला. ‘आज काय काढता?’

‘आज खरं सांगणार.’

‘म्हणजे आज जरा जास्तच.’

व्यापारी हसले. मी सुरू केलं.

त्या माणसाचं नाव संगमनाथ हडपद. आम्ही हडपद सर म्हणायचो. शहरातल्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकवायचे. गाव ओढ्यापलीकडचं, बापाची न्हाव्याची धोकटी. पोरगा शिकला, शिकला आणि इतका शिकला की पुढं जायला वाटच राहिली नाही. सरकारी कागदावर त्यांना अतिथी व्याख्याता म्हणत. अतिथी! आपल्याकडे पाहुणा चौथ्या दिवशी राहिला तर चहातलं दूध कमी होतं. हे सोळा वर्षं पाहुणे. मार्च आला की पाहुण्यांना घालवायचं, जूनमध्ये नवी यादी लागायची, यादीत नाव असलं की परत पाहुणे व्हायचं. खोलीच्या दारावर बाकीच्यांची नावं पितळेत, यांचं खडूनं. पावसाळी हवेत खडू ओघळायचा. मग सर खिशातून खडू काढून स्वतःच परत लिहायचे.

लग्न झालं नाही. मुलीकडचे विचारायचे, कायम कधी होणार? सर खरं उत्तर द्यायचे. खरं बोलणाऱ्याला मुलगी कोण देतं?

ते पहिल्यांदा इथं आले त्याला बारा वर्षं झाली असतील. जुनी स्कूटर, खांद्याला झोळी. नेमके या कट्ट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, ‘यजमान, तुमच्या गावात कोण कोणाशी बोलत नाही?’

आता बघा. गावात येणारा साहेब संडास मोजतो, बकऱ्या मोजतो, मतं मोजतो. असलं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सर, कोण कोणाशी बोलतं ते विचारा. यादी लहान होईल.’

हसायला पाहिजे होतं की नाही? त्यांनी लिहून घेतलं.

‘बोलणारी माणसं सगळेच मोजतात,’ ते म्हणाले. ‘मला न बोलणारी बघायची आहेत. एकाच विहिरीवर पाणी भरायचं, बांधाला बांध लावून ज्वारी पेरायची, आणि तीस वर्षं एकमेकांशी शब्द काढायचा नाही. सोपं नाही ते. रोज मेहनत लागते. ती मेहनत कोण करतं, कशी करतं, गाव ती कशी वाटून घेतं, एवढाच माझा विषय आहे.’

मला त्या वेळी एक चहा आणि दोन मिरची भजी हवी होती, बाकी माझ्या मनात काही नव्हतं. मी सहज म्हणून गेलो, ‘आमच्याकडे त्याला माणूस नेमलेला असतो.’

‘कसला माणूस?’

‘निरोप्या. दोन घरांनी बोलणं सोडलं की दोघांचे निरोप त्यानं न्यायचे. आजोबा-पणजोबांपासून आमच्याच घरी आहे ते. मी चौदावा. दोन्ही घरांनी वर्षाला एकेक नारळ द्यायचा. निरोप न्यायचा पण त्यात आपला शब्द घालायचा नाही. घातला तर जीभ झडते. माझ्या चुलत आजोबाची झडली होती. पुढं तो खुणांनी निरोप सांगायचा.’

सरांचं पेन थांबलं. मला वाटलं, जिभेचं जरा जास्त झालं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

‘माझे वडील निरोप न्यायचे,’ ते म्हणाले. ‘लग्नाचे, मयताचे. उन्हातून दहा-दहा मैल. दारात उभं राहून सांगायचे, आत कोणी बोलवायचं नाही. कुठल्याही पुस्तकात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.’

खरं म्हणजे आमच्या गावातही ते काम न्हाव्याच्या घरचंच. पण तसं सांगितलं असतं तर भजी त्याच्या ताटात गेली असती.

‘म्हणजे सरांच्या बापाचं काम तुम्ही आपल्या नावावर केलंत,’ मल्लेशी म्हणाला.

‘तू ट्रॅक्टर बघ,’ मी म्हटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, काही जुनी वस्तू आहे का? असणारच. म्हशीची जुनी वेसण काढली, तेलात भिजवली, चुलीवर धूर दिला, एकवीस गाठी मारल्या. ही खापरपणज्याची दोरी, एकेक गाठ म्हणजे एकेक भांडण, मिटलं की गाठ सोडायची. ‘एकही सुटलेली दिसत नाही,’ सर म्हणाले. ‘आमचं गाव आहे हे,’ मी म्हटलं. सरांनी ती दोरी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी. विभागात काचेच्या पेटीत ठेवली, खाली चिठ्ठी लावली. म्हैस बिचारी इथं माळावर चरत होती आणि तिची वेसण युनिव्हर्सिटीत बसली होती. सरांच्या वाट्याचं तेवढंच कायम झालं.

मग दर दसऱ्याच्या सुट्टीत सर विद्यार्थी घेऊन येऊ लागले. घरोघर जायचं, कोणाचं कोणाशी बंद आहे ते विचारायचं, कागद भरायचे. कागद भरला की घराला बिस्किटांचा पुडा, आणि वर ‘तुमचं नाव पुस्तकात येईल’ असं आश्वासन. पहिल्या वर्षी सात जोड्या निघाल्या. तिसऱ्या वर्षी बारा. सहाव्या वर्षी एकोणीस. सर म्हणायचे, लोकांचा विश्वास वाढतोय, आता मोकळेपणानं सांगतात. विश्वास कसला? पुस्तकात नाव लागणार म्हटल्यावर कोण मागं राहील! गुंडव्वानं तर जोडी जमत नाही म्हणून स्वतःच्या व्याह्याशी बोलणं सोडलं, आणि तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

‘आमच्या बापाला तुम्हीच सांगितलंत,’ मल्लेशी म्हणाला. यावेळी हसत नव्हता.

मल्लेशीचा बाप इरप्पा आणि चुलता गुरप्पा. एका ताटात जेवणारे.

‘मी एवढंच म्हटलं की चार दिवस बोलू नका, तुमचंही नाव लागेल.’

‘चार दिवसांना अकरा वर्षं झाली, अज्जा. आजी गेली तेव्हा एकाच अंगणात दोन मांडव उभे राहिले. कोणत्या मांडवात रडायचं हे आत्यांना कळेना.’

‘आणि मयताचा निरोप या घरून त्या घरी कोणी नेला?’

‘तुम्ही.’

‘मग? खोटं कुठं राहिलं? मी निरोप्या आहेच की!’

मल्लेशीनं एक निंबोळी उचलून रस्त्यावर फेकली. तो प्रश्न मलाही सुटला नसता, पण विचारणारा मी होतो, म्हणून मी जिंकलो.

एकदा सरांनी मला त्यांच्या वर्गात नेलं. पाच वर्षं झाली त्याला. पूर्वी चाळीस पोरं असायची म्हणे, मग अठरा, त्या वर्षी पाच. सगळे कॉम्प्युटरकडे गेले. विभागाची मोठी खोलीही कॉम्प्युटरकडे गेली आणि यांना सायकल स्टँडच्या मागं एक खोली दिली होती. फळ्याला मधोमध तडा. सरांनी तड्याच्या दोन बाजूंना दोन घरं काढली, म्हणजे भिंत काढायचं काम वाचलं. मग पोरांकडे वळून म्हणाले, ‘पुस्तक मिटा. तुमचं घर कोणाशी बोलत नाही?’

पोरांनी माना खाली घातल्या. मी बाकावर बसून भजीचा विचार करत होतो. सर थांबले. तो माणूस थांबू शकायचा. आमचे मास्तर अशा वेळी छडी मारायचे. हे नुसते उभे राहिले, हातात खडू, जणू पगार त्या थांबण्याचाच मिळतो.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘माझी अक्का. जातीबाहेर लग्न केलं. घरात तिचं नाव काढत नाहीत. पण दर अमावास्येला आई मला शेंगा आणायला त्या गावच्या बाजारात पाठवते. शेंगा आमच्या शेतातच होतात. मी अक्काच्या घरासमोरून दोनदा जाते. दोरीवर लाल लुगडं वाळत असलं तर तिचं बरं आहे. घरी येऊन मी आईला सांगते, शेंगा चांगल्या होत्या.’

‘आणि लाल लुगडं नसलं तर?’ सरांनी विचारलं.

‘तर सांगते, बाजार भरला नव्हता.’

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, ‘बाळ, हे लिहून काढ. माझ्या काचेतल्या दोरीपेक्षा हे मोठं आहे.’ मला जरा लागलं ते. पण दुसऱ्या मिनिटाला ते उठले आणि मला पोरांपुढं उभं केलं. ‘हे बघा, फक्कीरप्पा अज्जा. चौदा पिढ्यांचे निरोप्ये.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी अजून उभीच होती. तिला बसायला सांगायचं सर विसरले.

ती मुलगी कोण ते मी सांगणार नाही. पाठीमागं गिरमिटाच्या कागदाचा आवाज थांबला होता.

मग नियम आला. वरून कुठून तरी. यापुढं पाहुणा व्हायलाही डॉक्टर असलं पाहिजे. नसेल त्याचं नाव जूनच्या यादीत लागणार नाही. सरांचा प्रबंध तेव्हा परीक्षकांकडे गेला होता. एवढा जाडा. त्यातलं अर्धं पुस्तक मी होतो. एका परीक्षकानं लिहून पाठवलं: आजूबाजूच्या पन्नास गावांत असा निरोप्या नाही, हे एकाच माणसाच्या तोंडचं दिसतं, तो माणूस आम्हाला तोंडी परीक्षेच्या दिवशी समोर पाहिजे.

सर स्कूटर घेऊन माझ्या घरी आले. एकटेच. चहा दिला, प्यायले नाहीत. त्यांचा शर्ट आठवतो मला. कॉलर उसवून उलटी करून परत शिवलेली.

‘अज्जा,’ म्हणाले, ‘एकच विचारतो. हे खरं नसेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही. तेवढा भाग काढून टाकीन. वर्गात त्या मुलीनं सांगितलं, तसलं बरंच माझ्याजवळ आहे, ते घालीन. यादी चुकेल, एक वर्ष घरी बसावं लागेल, पण जे उरेल ते उभं राहील. खोटं निघालं तर मात्र काहीच उरणार नाही. सोळा वर्षांतलं काहीच.’

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी काय बोलायचं? सात-आठ वर्षं ज्या माणसानं दर दसऱ्याला माझ्या पायांना हात लावला, त्याला सांगू, की बाबा, ती म्हशीची वेसण आहे?

मी उठलो. कोनाड्यात मैलाराचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा होता, तो मुठीत घेतला. म्हटलं, ‘सर, खोटं असेल तर माझी मूठ उघडणार नाही.’ आणि मूठ उघडली. भंडारा म्हणजे तरी काय, हळदच ती. रोज आमटीत घालतो.

सर माझ्या पिवळ्या हाताकडे बघत राहिले. मग चहा उचलला, गार झालेला, एका घोटात प्यायले. ‘झालं,’ म्हणाले. ‘आता मला कसली भीती नाही. शुक्रवारी अकरा वाजता. तुम्ही फक्त या, अज्जा. बाकी काही नको.’

‘आणि तुम्ही गेलात?’ एका व्यापाऱ्यानं विचारलं.

गेलात म्हणजे? इस्त्रीचं धोतर, पिवळा पटका, मुलीच्या लग्नातला कोट! सकाळी नऊची बस. युनिव्हर्सिटीच्या फाटकावर शिपायानं विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, काचेच्या पेटीत माझी दोरी आहे. त्यानं सलाम ठोकला.

आत तीन खुर्च्या. मधोमध युनिव्हर्सिटीचे साहेब. उजवीकडे मैसूरचे परीक्षक, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. डावीकडे कलबुर्गीचे परीक्षक, ते चष्म्याशिवायच सगळ्यांना कमी लेखणारे. मैसूरवाल्यांनी विचारलं, ‘तुम्ही निरोप्या असाल तर पुरावा काय?’

मी बघत होतो. मैसूरवाल्यांना पाण्याचा ग्लास पाहिजे होता, तो कलबुर्गीवाल्यांच्या कोपराशी होता. त्यांनी मागितला नाही. सरांना खूण केली, सर टेबलाला वळसा घालून गेले, ग्लास आणला. मी ओळखलं! बावीस वर्षं! हे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आमच्या न बोलण्याचे गुण द्यायला बसले होते!

मी उठलो. डावीकडे जाऊन कानात सांगितलं, ‘मैसूरचे म्हणतात, तेव्हा चूक माझीच होती.’ त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. मग उजवीकडे गेलो. ‘कलबुर्गीचे म्हणतात, मी केव्हाच विसरलो.’ तेही म्हटलं नव्हतं. दोघांनी माना वर केल्या. सोन्याचा चष्मा ओला झाला. दोघे उठले, मिठी मारली, टेबल लवंडलं, पाणी सगळ्या कागदांवर, आणि त्या ओल्या कागदावर तिघांच्या सह्या. डॉक्टर संगमनाथ हडपद! त्याच संध्याकाळी दारावर पितळी पाटी. मी पेटीतल्या दोरीची एक गाठ माझ्या हातानं सोडली.

मल्लेशीनं मांडीवर थाप मारली. व्यापारी डोळे पुसत होते, हसून की कशानं, मी बघितलं नाही.

‘आणि आता कुठं असतात हो ते डॉक्टर?’ दुसऱ्या व्यापाऱ्यानं विचारलं.

‘बेंगळूरला. मोठ्या जागेवर. दर युगादीला मला पत्र येतं.’

‘दाखवा की एखादं.’

मी दाखवलंही असतं, घरी आहे म्हणालो असतो, बसही तेवढ्यात वळणावर दिसली होती. पण पत्राचं नाव काढल्यावर माणूस आपोआप पोस्टाकडे बघतो. मी मान वळवली, आणि शिवलीला माझ्याकडेच बघत होती. गिरमिट तसंच पुड्यात होतं.

‘खोटं, अज्जा,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘पत्र एकच आलं. तुम्ही घेत नाही म्हणालात, मीच “नाकारलं” असं लिहून परत पाठवलं. ते ओढ्यापलीकडे सरांच्या गावी गेलं. भावाच्या केस कापायच्या दुकानात असतात ते आता. आणि त्या शुक्रवारी पाण्याचे ग्लास मी ठेवत होते. एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती. नऊच्या बसमध्ये तुम्ही चढलात आणि पुढच्याच फाट्यावर उतरलात, हे मला कंडक्टरनं नंतर सांगितलं. परीक्षक साडेतीनला उठून गेले. सर पाच वाजेपर्यंत फाटकाकडे बघत उभे होते. मी म्हटलं, सर, चला आता. तर मलाच समजावत होते. म्हणाले, बस चुकली असेल, लीला. भंडारा उचललाय त्यांनी.’